एक पूर्णांक दोन दशांश मीटरचा फरक

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर एक लाकडी टेबल आहे, आणि गेल्या सहा वर्षांत त्या टेबलावर समुद्रावरची बरीच उपकरणे उघडली गेली आहेत. शेजारचा शाळकरी मुलगा एकदा पाण्याची खोली मोजणाऱ्या खोलीमापकाचा पडदा हातात घेऊन मला म्हणाला, "काका, बडोद्यात समुद्र कुठे आहे?" प्रश्न रास्त होता. आम्हाला सर्वांत जवळचा समुद्र म्हणजे खंबातचे आखात. तिथे भरती-ओहोटीचा फरक काही ठिकाणी दहा मीटरांच्या घरात जातो आणि पाण्यापेक्षा गाळच जास्त दिसतो. हौसेने शिडाची नौका चालवण्याची ती जागा नव्हे. नौका आहे ती मुंबईत, गेटवेजवळच्या पाण्यात बोयाला बांधलेली, आणि ती माझ्या थोरल्या मामेभावाची आहे. मी त्याला दादा म्हणतो. नौका चौतीस फुटांची, फायबरग्लासची आणि वयाने तिशी ओलांडलेली आहे.

माझी सारी नोकरी बडोद्याजवळच्या एका रासायनिक कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागात गेली. निवृत्त झालो त्या वर्षी दिवाळीला दादा घरी आला आणि चकलीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, "तू इतकी वर्षं दाब-तापमानाची यंत्रं सांभाळलीस. आता माझ्या बोटीवरची बघ. दर मोसमात काही ना काही बंद पडतं." मी हो म्हणालो, आणि तेव्हापासून ऑक्टोबर ते मे या काळात महिन्यातून एकदा रात्रीच्या गाडीने मुंबईला जातो आणि पिशवीत एखादे आजारी उपकरण घेऊन परत येतो.

या काळात जे शिकलो त्याची सुरुवात माझ्याच चुकीपासून करणे योग्य ठरेल. तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत नौकेवरचा खोलीमापक मधूनच आकड्यांऐवजी नुसत्या रेघा दाखवू लागला होता. कारण साधे निघाले: जोडणीतली एक पिन हिरवी पडली होती. ती घासून स्वच्छ केली, नवी बसवली, आणि हाताशी वेळ होता म्हणून उपकरणाच्या स्मृतीतल्या साऱ्या मांडण्या पुसून ते कारखान्यातून निघाले तेव्हाच्या स्थितीत आणले. आकडे स्थिर येऊ लागले. दादाने पाठ थोपटली, आणि मीही थोडा फुगलो, हे कबूल करतो.

पुढच्या रविवारी आम्ही घारापुरीच्या बाजूला गेलो. तिथे चिखलाचे उथळ पट्टे आहेत हे नकाशावर स्पष्ट लिहिलेले असते. दादाचा वर्षानुवर्षांचा नियम असा, की पडद्यावरचा आकडा एकाच्या खाली आला की नौका वळवायची. आकडा १.६ झाला, १.४ झाला, १.३ झाला, दादा निवांत होता. मग कोणीतरी खालून हळूच धरावे तशी नौका थांबली. पडद्यावर १.२ हा आकडा शांतपणे उभा होता आणि आम्ही चिखलात होतो. भरती नुकतीच सुरू झालेली असल्याने पाऊण तासात सुटलो. नुकसान काही झाले नाही; फक्त भाचेमंडळींना वर्षभर पुरेल एवढा विनोदाचा साठा मिळाला.

उपकरणाने चूक केली नव्हती. ध्वनीचा स्पंद खाली सोडायचा, तो तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे, आणि समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण १,५०० मीटर धरून अंतर काढायचे, एवढेच त्याचे काम असते. हे अंतर सेन्सरपासून तळापर्यंतचे असते. आमचा सेन्सर पाण्याच्या रेषेखाली अर्ध्या मीटरवर आहे आणि नौकेच्या कीलचे, म्हणजे तळाखालच्या जड पात्याचे, टोक १.७ मीटरवर. म्हणजे कीलखाली पाणी किती आहे हे जाणायचे तर मोजलेल्या अंतरातून १.२ मीटर वजा करावे लागतात. ही वजाबाकी दादाने फार पूर्वी उपकरणात भरून ठेवली होती आणि मी ती पुसली. रेघा दाखवणारा खोलीमापक आम्हाला सावध करत होता. मी दुरुस्त केल्यावर तो आत्मविश्वासाने वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देऊ लागला.

कारखान्यात माझे सगळे आयुष्य ज्या कल्पनेवर गेले तिचा विसर मला पडला होता. तिथे दाब किंवा पातळी मोजणारा ट्रान्समीटर आपले माप विद्युतप्रवाहाच्या रूपात पाठवतो: शून्य मापाला ४ मिलीअँपिअर आणि पूर्ण मापाला २०. शून्याला शून्यच प्रवाह का पाठवत नाहीत, असा प्रश्न प्रत्येक शिकाऊ मुलगा विचारतो. उत्तर असे, की तार तुटली तर प्रवाह शून्य होतो, आणि मग टाकी रिकामी आहे की तार तुटली आहे हे कोणालाच कळले नसते. आम्ही त्याला जिवंत शून्य म्हणायचो. शिवाय जिथे चूक झाली तर स्फोट होऊ शकतो अशा जागी एकाच्या भरवशावर न राहता तीन ट्रान्समीटर लावतात आणि त्यांपैकी दोघांचे जे एकमत होईल ते खरे धरतात. चौतीस फुटांच्या नौकेवर तीन खोलीमापक कोणी लावत नाही. तिथे उपकरण बंद पडणे ही त्रासाची गोष्ट आहे, पण चालू राहून पटण्याजोगा चुकीचा आकडा दाखवणे ही धोक्याची गोष्ट आहे, आणि विश्वासार्हतेच्या चर्चेत पहिलीचीच मोजदाद होते, दुसरीची सहसा होत नाही.

पहिलीबद्दल मात्र मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. माझ्या टेबलावर 'मेलेली' म्हणून आलेल्या उपकरणांपैकी बहुतेक जिवंत होती. घरच्या बारा व्होल्टच्या पुरवठ्यावर लावली की ती तत्काळ सुरू होत. दोष होता तो त्यांच्यापर्यंत वीज पोहोचवणाऱ्या वाटेत. याचे गणित अगदी शाळेतले आहे. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार बॅटरीपासून दहा मीटर दूर नेली, तर जाऊन-येऊन वीस मीटर होतात आणि तिचा रोध ०.२३ ओहमच्या आसपास भरतो. तिच्यातून पाच अँपिअर वाहू लागले की वाटेतच सव्वा व्होल्टाच्या थोडे कमी हरवतात. घरातल्या २३० व्होल्टमध्ये एवढ्याने काही बिघडत नाही. बारा व्होल्टमध्ये हा सुमारे साडेनऊ टक्के घाटा आहे. अमेरिकेतल्या बोटींसाठीचे जे मानक सर्वत्र वापरले जाते त्यात दिशादर्शक दिवे आणि नौकानयनाच्या उपकरणांसाठी तीन टक्क्यांच्या वर घाटा चालत नाही. तीच तार सहा चौरस मिलिमीटरची घेतली तर घाटा अडीच टक्क्यांच्या आत येतो. तार महाग पडते, जड असते, कोपऱ्यातून वळत नाही, म्हणून बसवणारा बारीक तार घालतो आणि पुढची वीस वर्षे उपकरणाला नावे ठेवली जातात.

त्यात बॅटरी. पूर्ण भरलेली शिसे-आम्ल बॅटरी विश्रांतीत १२.७ व्होल्ट दाखवते आणि निम्मी उतरली की १२.१–१२.२ वर येते. अशा अर्धपोटी बॅटरीवर इंजिन सुरू करायला गेले की क्षणभर व्होल्टेज दहाच्या आसपास कोसळते. नकाशा दाखवणारा पडदा त्या क्षणी विझतो आणि पुन्हा पहिल्यापासून उघडू लागतो, नेमका बंदराच्या तोंडाशी, जिथे इंजिन लागतेच. दादाच्या नौकेवर आम्ही इंजिन सुरू करण्यासाठी वेगळी बॅटरी ठेवली आणि 'पडदा वारंवार बंद पडतो' ही सात वर्षांची तक्रार एका दुपारी संपली.

तार कोणती यावरूनही फरक पडतो. मी गच्चीवर एक प्रयोग केला. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवले, म्हणजे साधारण समुद्राइतका खारटपणा झाला, आणि त्यात दोन तारांची टोके बुडवून ठेवली: एक साध्या तांब्याची, दुसरी कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची. तीन महिन्यांनी आवरण चिरून पाहिले. साध्या तारेचे तंतू पाण्याच्या पातळीपासून वर वीतभर काळे-हिरवे झाले होते, कारण बारीक तंतूंच्या फटींतून खारे पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे वर चढते. मुलामा दिलेली तार टोकाशी मळली होती, आत स्वच्छ होती. बाहेरून दोन्ही तारा सारख्याच दिसत होत्या. दोष आतमध्ये असा लपलेला असतो, म्हणून एखादी जोडणी सकाळी चालते, दुपारी चालत नाही आणि मेकॅनिक आला की पुन्हा चालते. आता मी प्रत्येक टोक हत्याराने नीट दाबून बसवतो आणि त्यावर आतून डिंक असलेली, उष्णतेने आकसणारी नळी चढवतो. कामाला दुप्पट वेळ लागतो आणि दादा दर वेळी कुरकुरतो.

साखळीचा हिशेबही इथे सांगायला हवा. समजा वाऱ्याचा वेग पडद्यावर दिसण्यासाठी दहा दुवे धड असावे लागतात: डोलकाठीच्या टोकावरचा सेन्सर, त्याची तार, डोलकाठीच्या पायथ्याची जोडणी, पुढची तार, फ्यूज, स्विच, बॅटरी, असे करत पडद्यापर्यंत. प्रत्येक दुवा मोसमभर न बिघडण्याची शक्यता ९८ टक्के धरली, तर दहाही टिकण्याची शक्यता ८२ टक्क्यांवर येते. एकेका दुव्यात खोट काढण्यासारखे काही नसते, तरीही पाच मोसमांत जवळजवळ एक मोसम असा जातो की त्यात वारा दिसत नाही. शिवाय हे दुवे एकमेकांपासून अलिप्त नसतात. डोलकाठीचा पायथा ओला झाला की वारा, डोलकाठीच्या मस्तकावरचा दिवा आणि रेडिओची ॲंटेना तिन्ही एकदम रुसतात, कारण तिन्हींच्या तारा तिथूनच जातात. (आमचा वाऱ्याचा सेन्सर एकदा समुद्राने नव्हे तर बडोद्याने मोडला. तपासणीसाठी तो गच्चीवर काठीला बांधला होता आणि मी उत्तरायण विसरलो. १४ जानेवारीला दुपारपर्यंत त्याच्या तीन वाट्यांपैकी एकच उरली होती, बाकीच्या कोणाच्या तरी मांज्याबरोबर गेल्या.)

नव्या उपकरणांची भाषा जुळवण्यासाठी आता सारी मापे एकाच केबलवरून वाहतात. जुनी पद्धत, एनएमइए ०१८३, सेकंदाला ४,८०० बिट पाठवायची आणि त्यात बोलणारा एक व ऐकणारे बाकीचे अशी शिस्त होती. नव्या एनएमइए २००० मध्ये मोटारींतल्या उपकरणांना जोडणाऱ्या कॅन जाळ्याचेच तत्त्व आहे आणि वेग २,५०,००० बिट आहे. या केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असलाच पाहिजे. वीज बंद करून दोन संदेशतारांमध्ये मीटर लावला तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक उघडे आहे किंवा मध्ये तार तुटली आहे. एक रोधक नसेल तरी जाळे पूर्ण बंद पडत नाही, अधूनमधून मापे गळतात, आणि मालक एकामागून एक महागडे सेन्सर बदलत बसतो. ६० ओहमची ही तपासणी दोन मिनिटांची असते. मी ती जवळपासच्या दोन नौकांवर केली आणि दोन्हीकडे १२० आले. त्या मालकांनी बदललेल्या सेन्सरांची यादी मात्र इथे देत नाही, त्यांना वाईट वाटेल.

जलरोधकतेच्या शिक्क्याबद्दल थोडक्यात सांगतो. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवले तरी आत पाणी गेले नाही, एवढेच. ती परीक्षा नव्या वस्तूची असते. उन्हात दिवसभर तापलेले बंद खोके संध्याकाळी थंड झाले की आतली हवा आकसते आणि फटी बुजवणाऱ्या रबरी गॅस्केटमधून दमट हवा आत ओढली जाते. असे रोज, वर्षानुवर्षे चालते. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाचे, आयुष्य दर दहा अंश तापमानवाढीला ढोबळमानाने निम्मे होते, आणि काळ्या तोंडाचा पडदा डेकवर मेच्या उन्हात किती तापतो हे हात लावून पाहावे. आम्ही न वापरताना पडद्यांवर पांढरे कापडी झाकण घालतो. ते आमच्या मामींनी जुन्या धोतराचे शिवले आहे आणि अजून टिकून आहे.

आता पुन्हा दुसऱ्या, अवघड प्रकाराकडे येतो. दोन वर्षांपूर्वी दादाने मस्तकावरच्या दिव्यात स्वस्तातला एलईडी बल्ब लावला. वीज वाचली, उजेड वाढला. काही आठवड्यांनी त्याच्या लक्षात आले, की इतर जहाजांच्या खुणा दाखवणारी एआयएस यंत्रणा रात्री दूरची जहाजे दाखवत नाही. दिवसा तपासली की सारे ठीक. तीन वेळा ती बडोद्याला आली आणि तीन वेळा मी ती 'दोष आढळला नाही' म्हणून परत पाठवली. शेवटी एका संध्याकाळी नौकेवर बसून असताना दिवा लावला आणि रेडिओची खरखर वाढली तेव्हा उजेड पडला. एआयएसचे संदेश १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर येतात. बल्बच्या आतल्या, एलईडीला वीज पुरवणाऱ्या स्वस्त चालक-मंडलातून निघणारा गोंगाट तिथेच पसरत होता, आणि बल्ब ॲंटेनापासून हातभर अंतरावर होता. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याच गोष्टीबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती, ती मी नंतर वाचली. पडद्यावर कुठलीही चूक दिसत नव्हती. पडदा नुसता रिकामा होता, आणि रात्रीचा रिकामा समुद्र पाहून माणसाला बरेच वाटते.

होकायंत्राची गोष्ट अशीच आहे. स्वयंचलित सुकाणूला दिशा सांगणारे इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आमच्याकडे एका बाकाखालच्या कप्प्यात, भिंतीवर बसवलेले आहे. अलिबागला जाताना सुकाणू सरळ जाई आणि येताना वीसेक अंशांनी भरकटे. दादाने त्याला 'घरी यायचा कंटाळा' असे नाव ठेवले होते. कप्पा उघडल्यावर त्यात भाकरीचा लोखंडी तवा सापडला. जवळच्या लोखंडाने होणारी चूक प्रत्येक दिशेला वेगळी असते, म्हणून एका दिशेने पाहून होकायंत्र बरोबर आहे असे म्हणता येत नाही; नौका संथ पाण्यात पूर्ण गोल फिरवूनच ती चूक मोजावी आणि नोंदवावी लागते. तवा आता स्वयंपाकाच्या ओट्याखाली राहतो. वेगमापकाच्या चाकाला शेवाळ आणि बारीक शिंपले धरले की तो असाच कमी वेग दाखवू लागतो, अगदी हळूहळू, दर आठवड्याला थोडा थोडा, त्यामुळे कोणाच्या नजरेत येत नाही. नौका उभी असताना तो सेन्सर आत ओढून त्याच्या जागी बूच लावायचे असते. हे सर्वांना ठाऊक असते आणि कोणी करत नाही.

मोठ्या शर्यतींतही हेच घडते, याचे सर्वांत बोलके उदाहरण २९ नोव्हेंबर २०१४ चे आहे. व्होल्व्हो ओशन रेसमधली 'टीम व्हेस्टास विंड' ही नौका केप टाउनहून अबू धाबीकडे जाताना रात्री मॉरिशसच्या ईशान्येकडच्या कार्गादोस काराहोस या प्रवाळरांगेवर सुमारे १९ नॉटच्या, म्हणजे ताशी साधारण ३५ किलोमीटरच्या वेगाने आदळली. नऊही जण वाचले. जीपीएस ठीक होते, पडदे ठीक होते, वीज ठीक होती. इलेक्ट्रॉनिक नकाशा दूरचा आवाका दाखवत असताना ती रांग त्यावर धोका म्हणून ठळक दिसत नव्हती. जवळ ओढून पाहिला असता तर दिसली असती. कागदी नकाशावर खडक पुसट होत नाही, कारण कागद लहान-मोठा करता येत नाही. मला कागदाचा उमाळा आहे असे नाही, पण ही चूक कोणत्या उपकरणाच्या विश्वासार्हतेच्या आकड्यात मोजायची, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

जीपीएसबद्दलही असेच म्हणावे लागते. अमेरिकेने मे २००० मध्ये त्यातली मुद्दाम घातलेली चूक काढून टाकल्यापासून साध्या यंत्रालाही काही मीटरांपर्यंतचे स्थान कळते. पण ज्या नकाशावर ते स्थान टेकवायचे त्यातल्या कित्येक ठिकाणची खोली शिशाचे वजन बांधलेल्या दोरीने, उपग्रहांच्या कितीतरी आधी मोजली गेली आहे. आपण कुठे आहोत हे खडक कुठे आहे यापेक्षा जास्त अचूकपणे कळणे ही विचित्र अवस्था आहे. शिवाय वीस हजार किलोमीटरवरून येणारा हा संदेश इतका क्षीण असतो की जमिनीवरचे लहानसे यंत्र तो बुजवू शकते, आणि युद्धाच्या काळात तो बुजवलाच जातो.

'मग सारे इलेक्ट्रॉनिक काढून टाका' असे सांगणारे नौकाप्रेमी मला भेटतात आणि ते २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीचे नाव घेतात. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली त्याला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने ही शर्यत त्याच काळच्या साधनांनी, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजणाऱ्या सेक्स्टंटवर आणि कागदी नकाशांवर भरवली गेली. आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी तीत होते. 'म्हादेई' या नौकेवरून २०१२-१३ मध्ये अशीच विनाथांबा एकट्याने प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. २१ सप्टेंबर २०१८ ला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात त्यांच्या 'तुरिया'ची डोलकाठी मोडली आणि पाठीच्या कण्याला इजा होऊन ते अंथरुणाला खिळले. नौदलाच्या पी-८आय या टेहळणी विमानाने त्यांची नौका हुडकली आणि २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. त्यांचा पत्ता लागला तो उपग्रहांशी बोलणाऱ्या उपकरणांमुळे. शर्यतीतून इलेक्ट्रॉनिक साधने काढली होती, पण संकटसूचक बीकन काढले नव्हते.

त्या बीकनची रचना मी पुन्हा पुन्हा पाहतो, कारण तिच्यात माझ्या टेबलावर येणारा एकही दोष शिरायला जागा नाही. त्याला नौकेची बॅटरी लागत नाही, स्वतःची असते, आणि ती कधीपर्यंत चालेल ते वर छापलेले असते. त्याला तार नाही, जोडणी नाही, दुसऱ्या कोणत्या उपकरणाशी बोलायचे नाही. काम एकच: ४०६ मेगाहर्ट्झवर आपली ओळख आणि ठावठिकाणा किमान ४८ तास पाठवत राहणे. चाचणीची कळही वेगळी असते. आत शिरून कोणतीही मांडणी पुसणारा माझ्यासारखा माणूस तिथे पोहोचूच शकत नाही.

दादाच्या नौकेवर एवढे सगळे एकलकोंडे करणे शक्य नाही. आम्ही केले ते असे: खोलीमापकाच्या पडद्याशेजारी चिकटपट्टीवर 'कीलखाली' असा एक शब्द आणि उणे १.२ हा आकडा लिहिला. दर तासाला स्थान, दिशा आणि खोली वहीत पेन्सिलने उतरवण्याची दादाची जुनी सवय, जी मध्यंतरी पडद्यांच्या भरात सुटली होती, ती परत आणली. आणि मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपमधून मी दीड किलोचे शिशाचे वजन ओतवून आणले. त्याला वीस मीटर दोरी बांधून दर अर्ध्या मीटरला गाठ आणि दर दोन मीटरला लाल चिंधी लावली. गाडीत तपासणी करणाऱ्या पोलिसाने ते वजन बराच वेळ उलटून-सुलटून पाहिले. मी त्याला खरे काय ते सांगितले, ते त्याला पटले नसावे.

गेल्या ऑक्टोबरात मोसमाच्या पहिल्या फेरीला आम्ही पुन्हा घारापुरीच्या त्याच बाजूला गेलो. दादाने इंजिन मंद केले, भाच्याने पुढे जाऊन दोरी सोडली आणि ओरडून सांगितले, "चार मीटर!" मी पडद्याकडे पाहिले. तिथे २.३ होते. पाण्याच्या रेषेपासून कीलपर्यंत १.७. दादाने तीन आकडे वहीत एकाखाली एक लिहिले, बेरीज केली, आणि नांगर टाकायला सांगितला.